वाईट हवेतल्या तांब्याच्या पट्ट्या

माझ्या शेडमधली एकच गोष्ट माझ्या धाकट्या मुलीला हवी होती. ती म्हणजे तिथली वाईट हवा.

कुणाला सांगितलं की हसतात. मीही पहिल्यांदा हसलोच होतो. पोरी बापाकडे काय काय मागतात, आणि ही म्हणते, आबा, तुमच्या टाकीमागची भिंत मला चार महिने द्या, तिथल्याइतकी खराब हवा मला दुसरीकडे कुठं मिळायची नाही.

भोसरीला एमआयडीसीत माझं प्लेटिंगचं काम होतं. भाड्याची पत्र्याची शेड, गल्लीच्या अगदी टोकाला. लोखंडी बोल्ट यायचे, ब्रॅकेट यायचे. ते आम्ही ॲसिडात धुऊन घ्यायचो, त्यावर जस्त नाहीतर क्रोम चढवायचो आणि टेम्पोत भरून चाकणला पाठवायचो. तिकडं त्या गाड्यांना लागायचे. रस्त्यानं पळणाऱ्या कितीतरी गाड्यांच्या पोटात माझ्या हातचा बोल्ट आहे, हे मी कुणालाही सांगायचो. कुणी विचारलं नसलं तरी सांगायचो. शाळा माझी चौथीपर्यंत झाली, त्यातलीही चौथी निम्मीच. पण टाकीत माल सोडला की किती वेळात तो बाहेर काढायचा, हे मला घड्याळ न बघता कळायचं, आणि त्याचा मला अभिमान होता. आजही आहे. तो का नसावा, हे मला कुणी पटवून दिलेलं नाही.

क्रोमच्या टाकीवर वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाच्या नाकातला मधला पडदा जातो. वाफ खाऊन टाकते. दुखत नाही, आपोआप होतं. कामावर नवा माणूस आला की आम्ही जुने लोक त्याला म्हणायचो, थांब, या नाकपुडीतून सुतळी घालतो आणि त्या नाकपुडीतून काढून दाखवतो. तो घाबरायचा, आम्ही हसायचो. खरं तर काढता आली असती. वासही गेला. घरात फोडणी करपली तरी मला कळायचं नाही, बायकोच ओरडायची. त्यामुळं शेडमधली हवा खराब आहे असं कुणी म्हटलं की मला ते बाहेरच्यांचे नखरे वाटायचे. मला तर काहीच येत नव्हतं.

धाकटी शिकली. आमच्या खानदानात इतकं कुणी शिकलं नाही. पुण्यात एका मोठ्या संस्थेत ती रसायनाचं संशोधन करत होती, डॉक्टर व्हायचं म्हणून. सुईवाली डॉक्टर नव्हे, हे मला आमच्या पिंपळे गुरवात घरोघरी समजावून सांगावं लागलं. तिचा विषयही धातूवर थर चढवायचाच होता. हे कळलं तेव्हा मला वाटलं, पोरगी माझ्याच धंद्यात आली. पण ती जे सांगायची ते माझ्या धंद्यासारखं काहीच नव्हतं.

एका रविवारी ती ओट्याशी लसूण सोलत बसली होती. मी विचारलं, तुझा थर कशाचा? ती म्हणाली, कार्बीन नावाच्या पदार्थाचा. मग तिनं लसणाच्या पाकळ्या मांडून दाखवलं. कार्बनला चार हात असतात, चारही हात त्यानं कुणाला ना कुणाला दिलेले असतात. पण हा जो कार्बन आहे, त्यानं दोनच हात दिलेत. उरलेलं सगळं बळ त्याच्याकडं मोकळं आहे. असा कार्बन एकटा टिकत नाही, लगेच कुणालाही जाऊन चिकटतो. म्हणून त्याच्या दोन बाजूंना नायट्रोजनचे दोन शेजारी बसवायचे, ते त्याला सावरून धरतात. आणि मग तो मोकळा राहिलेला भाग धातूला जाऊन असा धरतो की सहजी सुटत नाही. आधी लोक हे काम गंधकाकडून करून घ्यायचे. गंधकही धरतो, पण जरा ऊन लागलं, हवा लागली की हात सोडतो.

"आणि थर किती जाडीचा?" मी विचारलं.

"एका रेणूचा."

"म्हंजी किती?"

"दिसत नाही, आबा."

"मंग त्यो थर न्हाई. दिसत न्हाई त्याला थर म्हणायचं, तर माझ्या टकलावर बी केस हायेत."

ती हसली. बायकोही हसली. पण मी चेष्टा करत नव्हतो. उजेडाला धरून ज्याचा तुकडा दाखवता येत नाही असा माल मी आयुष्यात कंपनीला दिला नव्हता.

तिनं एकदा एक बारीक बाटलीही आणली होती. आत तपकिरी पाणी. म्हणाली, हे सोनं आहे. मी म्हटलं, सोनं मी बघितलंय, माझ्या आईच्या गळ्यात होतं. ती म्हणाली, हे थोड्याशाच अणूंचे पुंजके आहेत, एकेका पुंजक्यात मोजून काही अणू, इतके कमी असले की सोनं पिवळं राहत नाही. त्यांना मोकळं सोडलं तर ते एकमेकांकडं धावतात, गोळा होऊन बसतात, आणि कामाचे राहत नाहीत. म्हणून प्रत्येक पुंजक्याभोवती हे कार्बीन उभे करायचे, म्हणजे पुंजका तेवढाच राहतो. तिनं एक निळी बत्ती बाटलीवर धरली तर ते पाणी निखाऱ्यासारखं लाल पेटलं. मी बराच वेळ बघत राहिलो. पण तोंडानं म्हटलं, ह्याचं काय करायचं? ती म्हणाली, करतील कुणीतरी काहीतरी, आत्ता तर ते टिकतंय हेच खूप आहे. हे उत्तर मला आवडलं नाही. टिकण्यासाठी टिकायचं, ते कशाला?

तर हवा.

प्रयोगशाळेतल्या खोक्यात तिच्या तांब्याच्या पट्ट्या चांगल्या टिकल्या होत्या. पण तिच्या सरांचं म्हणणं होतं की खोक्यातलं टिकणं खरं नव्हे. कारखान्याच्या खऱ्याखुऱ्या हवेत एक अख्खा पावसाळा काढून दाखवा, मग प्रबंधाचं शेवटचं प्रकरण लिहा. तिला मिळणारं विद्यावेतन त्या वर्षी संपत होतं. म्हणजे पावसाळा तो एकच होता. पट्ट्या टिकल्या तर तिला पुढं परदेशातल्या एका प्रयोगशाळेत जागा मिळायची होती, तिथल्या प्रमुख बाईंनी तसं सरांना कळवलं होतं. हे सगळं तिनं मला गाडीवरून भोसरीला येताना सांगितलं, वाऱ्यात ओरडून.

इकडं माझीही शेवटचीच वेळ होती. चाकणच्या कंपन्यांना आता जुनं क्रोम चालत नव्हतं, त्यातलं विष पाण्यात जातं म्हणून. नवी टाकी लावा, नवं रसायन घ्या, म्हणत होते. मी म्हटलं, चाळीस वर्षं चाललं ते चाललं, आता मी बदलणार न्हाई. त्यांनी मग दुसऱ्याकडून घेतलं. एकेक करून सगळे गेले. शेडच्या मालकाला मी सांगून टाकलं होतं, दसरा करतो, टाक्या विकतो आणि दिवाळीच्या आत किल्ली देतो. जोवर थोडं काम होतं तोवर हवा होती. पोरीनं हे सगळं जुळवूनच मागितलं होतं.

जूनच्या सुरुवातीला ती पट्ट्या घेऊन आली. बोटभर लांब, पातळ, लालचुटुक. काही नुसत्याच, काही गंधकाचा थर दिलेल्या, काही कार्बीनच्या. तिघींचा चेहरा एकच. मी एकेक उजेडाला धरून पाहिली, काहीसुद्धा फरक नाही. प्रत्येकीच्या भोकात नायलॉनचा दोरा आणि दोऱ्याला प्लास्टिकचा बिल्ला, त्यावर तिनं खुणा लिहिलेल्या. त्या बिल्ल्यावरूनच कुठली कोण ते कळायचं. ॲसिडच्या टाकीमागच्या भिंतीला लाकडी पट्टी ठोकून तिनं त्या ओळीनं टांगल्या आणि माणसांना गोळा करून सांगितलं, हात लावायचा नाही, पुसायचं नाही, कितीही घाण दिसल्या तरी पुसायचं नाही. माणसं होतीच किती तेव्हा, दोघं. दोघांनीही मान हलवली.

मी वरवर लक्ष नाही असं दाखवायचो. पण रोज सकाळी शटर वर केलं की आधी भिंतीपाशी जायचो. नुसत्या पट्ट्या पहिल्या पंधरवड्यातच तपकिरी झाल्या, मग काळ्या, मग कडेनं हिरव्या. गंधकाच्या थोड्या दिवस थांबल्या आणि मग त्यांच्यावर डाग उठले, अंगावर चट्टे उठतात तसे. कार्बीनच्या मळल्या, नाही असं नाही, त्यांचं तेज गेलं. पण लाल राहिल्या. श्रावण गेला, गणपती गेले, तरी लाल. पोरगी अधूनमधून येऊन फोनमध्ये फोटो काढून जायची. मी तिला काही बोललो नाही. बायकोला मात्र सांगायचो, आज बी लाल हाय. ती म्हणायची, मग तिला सांगा की तसं. मी म्हणायचो, तिला दिसतंय की. तोंडानं कबूल करायचं माझ्याच्यानं झालं नाही. दिसत नाही तो थर नाही, हे मी म्हणून बसलो होतो.

माझ्याकडं बफिंगला, म्हणजे फिरत्या चाकावर धरून मालाला चकाकी आणायला, एक माणूस होता, बीडकडचा. माझ्या शेडला छत नव्हतं तेव्हापासूनचा. त्याच्या बायकोच्या दुखण्यामुळं तो उन्हाळ्यातच गावी गेला होता. काम आटत चाललं होतं, मीही परत बोलावलं नाही. पण खंडेनवमीसाठी तो आदल्या दिवशीच आला. आपल्या मनानं, रात्रभर एसटीत बसून. शेडची शेवटची पूजा आहे, हे त्याला कुणीतरी फोनवर सांगितलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडं यंत्राची, हत्याराची पूजा. पूजेच्या आदल्या दिवशी काम बंद ठेवून शेड धुऊन काढायची. टाक्यांवरच्या तांब्याच्या सळया, ज्यातून करंट जातो त्या, वर्षभर काळ्याहिरव्या पडलेल्या असतात. त्या उतरवून ॲसिडात बुचकळायच्या, मग चिंच आणि बारीक वाळूनं घासायच्या, मग बफवर धरायच्या. दरवर्षी हे काम त्याचंच. दुसऱ्या कुणी केलेलं त्याला पसंत पडायचं नाही. सळईत तोंड दिसलं पाहिजे, असा त्याचा हिशोब. तेवढ्या एका दिवसासाठी माझी शेड एखाद्या देवळासारखी दिसायची.

त्या आदल्या दिवशी मी शेडवर नव्हतो. पोरीनं सुट्टी काढून मला दवाखान्यात नेलं होतं. महिन्याभरापासून खोकला हटत नव्हता, आणि मी जात नव्हतो, म्हणून तिनं गाडीच दारात आणून उभी केली. छातीचे फोटो, मग फुंकायचं यंत्र, मग रांग. डॉक्टर पोरगेलासाच होता. त्यानं मला विचारलं, काय काम करता? मी सांगितलं. त्यानं माझ्याकडं न बघता तिच्याकडं बघून सांगितलं की आता त्या हवेत एक दिवसही जाऊ देऊ नका. मला त्याचा राग आला. छाती माझी, आणि सांगतो तिला. शेडवरची दोन्ही माणसं त्या दिवशी माल पोचवायला चाकणला गेली होती. शेडवर तो बीडचा माणूस एकटाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघंही गेलो, मी, बायको आणि पोरगी. शटर वरच होतं. आत पाऊल टाकलं आणि डोळे दिपले, खोटं नाही सांगत. सळया अशा झळकत होत्या की पत्र्यातून येणारं ऊन त्यांच्यावरून भिंतीवर हलत होतं. टाक्यांच्या कडा पुसलेल्या, पंप पुसलेला, झेंडूची तोरणं. आणि मधोमध पाट मांडून त्यावर पितळी ताट. त्यात वाळूनं घासून, बफवर धरून आरशासारख्या केलेल्या तांब्याच्या पट्ट्या गोल मांडलेल्या, सूर्याच्या किरणांसारख्या. प्रत्येकीवर हळदीकुंकवाचं बोट. मध्ये एक फूल.

त्यानं सगळ्यात जास्त मेहनत तिथंच घेतली होती. पुढं येऊन मला म्हणाला, "मालक, ह्या पट्ट्या कुणी टांगल्या होत्या की भितीला. लई घाण झाल्या होत्या, काय सांगू. चार तास ह्याच्यावरच गेले माझे."

पोरगी ताटापाशी बसली. हात लावला नाही. फक्त विचारलं, "काका, ह्याला बिल्ले होते ते?"

"ते प्लास्टिकचे? ॲसिडात विरघळून घाण करतील म्हणून काढले की. कचऱ्यात गेले, बाई."

ती बरं म्हणाली. माझी बायको माझ्याकडं बघत होती. मी त्याच्यावर ओरडणार होतो, तोंड उघडलं होतं, तेवढ्यात पोरीनं माझ्या मनगटाला धरलं. धरलं ते पूजा होईस्तोवर सोडलं नाही. नारळ फुटला, आरती झाली, तिनं प्रसाद घेतला, त्याच्या हातून घेतला, आणि त्याला म्हणाली, सळया छान झाल्यात. मग मागच्या दारानं नळापाशी गेली आणि तिथं बराच वेळ हात धूत राहिली.

त्याला नंतर कुणीतरी सांगितलं. मी नाही. तो दुपारी न जेवताच स्टँडला गेला. जाताना माझ्या पाया पडला. वयानं माझ्यापेक्षा दोनच वर्षं लहान असेल. त्यानं जे केलं ते दरवर्षी मीच करून घ्यायचो.

फोटो होते पोरीकडं. पण फोटोवर भागत नव्हतं. पट्टी यंत्रात घालून, पावसाळाभर वाफ खाल्ल्यावर त्या थराचं काय उरलं ते बघायचं होतं. थर वाळूबरोबर मोरीत गेला होता. सरांनी तिला दोन महिने वाढवून दिले, विद्यावेतनाशिवाय. म्हणाले, दोन महिन्यांत जेवढं दिसेल तेवढं लिहू. ती मला म्हणाली नाही, आबा, शेड ठेवा. एका शब्दानं म्हणाली नाही. तिनं नव्या पट्ट्या तयार केल्या होत्या आणि त्या तिच्या टेबलाच्या खणात होत्या, हे मला बायकोकडून कळलं.

मी शेडच्या मालकाकडं गेलो आणि सांगितलं की किल्ली देत नाही. तो चिडला, त्यानं दुसऱ्या कुणाला तरी शब्द दिला होता. मी म्हटलं, शब्द तू दिलास, मी न्हाई. मग घरी येऊन पोरीला म्हटलं, टांग तुझ्या पट्ट्या, शेड हाय अजून. डॉक्टरांचं काय, ती म्हणाली. मी म्हटलं, मी कशाला जातो तिथं, नुसतं शटर उघडून झाकायचं. तिला ते खरं मानायचं होतं, असं मला वाटतं. दिवाळीच्या आधी तिनं पट्ट्या टांगल्या.

पण काम नव्हतं. टाक्या गार. माणसं गेली होती. दोन आठवड्यांनी ती बघायला आली आणि म्हणाली, नुसती पट्टीही लालच आहे. मी म्हटलं, मग चांगलंच की. तर म्हणाली, नाही आबा, नुसती काळी पडली तरच दुसरी टिकली असं म्हणता येतं. हवा चांगली झाली इथली, बघा ना, चिमण्या येतात आत. हे तिनं असं सांगितलं की जणू आनंदाची गोष्ट आहे. पण तिच्या तोंडावर आनंद नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी टाक्या लावल्या.

मला दुसरं काय येत होतं? ॲसिड गरम केलं, क्रोमची टाकी चालू केली, धूर ओढणारा पंखा बंद ठेवला. माल कुठून आणणार? कोपऱ्यात जुने, नापास बोल्ट पडले होते. ते टाकीत सोडायचे, क्रोम चढवायचं, मग तेच ॲसिडात टाकून क्रोम उतरवायचं, पुन्हा चढवायचं. तेवढंच. उतरताना वाफ उठायची ती सरळ भिंतीकडं जायची. मी स्टुलावर बसून असायचो. घरी सांगायचो, गावठाणात जुन्या मित्रांकडं पत्ते खेळायला जातो. खोकला वाढला, तो थंडीचा म्हणून सांगितला. आठवड्याभरात नुसत्या पट्ट्यांवर तपकिरी चढायला लागली. चिमण्या यायच्या बंद झाल्या. मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत कुठल्याही कंपनीचा माल पास झाल्यावर वाटलं नव्हतं इतकं.

ती एका दुपारी न सांगता आली. बायकोनं पत्तेवाल्या मित्राला फोन केला होता. शटर अर्ध्यावर होतं, ती वाकून आत आली आणि तोंडाला ओढणी लावून उभी राहिली.

"कुणाचा माल आहे हा, आबा?"

"हाय एका पार्टीचा."

तिनं चिमट्यानं टोपलीतला एक बोल्ट उचलला. त्याचे आटे झिजून गेले होते. नुसती गुळगुळीत कांडी राहिली होती. तिनं दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग भिंतीवरच्या पट्ट्यांकडं पाहिलं. हुशार आहे, तिला आणखी काही विचारावं लागलं नाही. तिनं जाऊन मेन स्विच पाडला आणि पट्ट्या एकेक सोडवून पिशवीत टाकायला लागली.

"राहू दे," मी म्हटलं. "काळ्या पडाया लागल्यात. अजून महिना दे."

"नको मला ही हवा."

"तूच मागितली व्हतीस."

"आबा, हे काम पुरं झालं असतं तर क्रोमच्या जागी असाच थर चालला असता, अशा टाक्या कमी लागल्या असत्या. माणसं उभी करावी लागली नसती त्यांच्यावर. म्हणून करत होते. तुम्ही कधी विचारलंच नाही."

मी बोल्टांची टोपली पायानं मागं सारली. मग म्हटलं, विचारायचं काय, बाप हाय मी, तुला लागत व्हतं ते दिलं. ती म्हणाली, चला घरी. मी म्हटलं, टाकी गरम हाय, ती निवेस्तोवर मी शेड सोडत न्हाई, तसं करायचंच नसतं. हे खरंच आहे, गरम टाकी तशीच टाकून जायचं नसतं. पण मी त्यासाठी बसलो नव्हतो. मी हरलो होतो आणि मला उठायचं नव्हतं.

"तू बाहेर जा," मी म्हटलं.

ती गेली नाही. तिनं दुसरं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसली. ओढणीही काढली तोंडावरची, घडी करून मांडीवर ठेवली. वाफ अजून उठत होती. मी म्हटलं, जा म्हणतो ना. ती म्हणाली, तुम्ही उठा, मग जाते. माझीच पोरगी. लहानपणी जेवणाच्या ताटावरून अशीच बसायची, मी हात उचलला तरी हलायची नाही. किती वेळ आम्ही तसेच बसलो कोण जाणे. मला तर कसला वास येत नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते रडण्याचं होतं की वाफेचं, ते मला ओळखता आलं नाही. मग ती खोकली. एकदा, मग पुन्हा, मग थांबेना. माझ्या छातीतून येतो तसाच आवाज, कोरडा.

मी उठलो. शटरपाशी जाऊन ते पूर्ण वर ढकललं आणि बाहेर जाऊन गल्लीत उभा राहिलो. ती मागून आली.

प्रबंध तिनं नुसत्या त्या सोन्याच्या पुंजक्यांवर दिला. पट्ट्यांचं प्रकरण त्यात नाही. पदवी मिळाली. परदेशातली जागा मिळाली नाही, त्या बाईंना पट्ट्यांचंच काम करणारं माणूस हवं होतं. आता ती चाकणला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे, गाड्यांचे रंगवलेले पत्रे तपासते. सकाळची शिफ्ट असली की पहाटे बस येते. पगार चांगला आहे, असं सगळे म्हणतात. शेडमध्ये टायरचं गोदाम झालंय.

मी घरीच असतो. जिना चढायला आता दोनदा थांबावं लागतं, पण हे मी तिला सांगत नाही. मागच्या आठवड्यात ती जेवत असताना मी तिला विचारलं, ते कार्बीनचं काम आता कोण करतं? ती म्हणाली, करतायत आबा, जगभर बरेच जण करतायत, होईल कुणाकडून तरी.

कुणाकडून तरी म्हणजे तिच्याकडून नाही. मी ताटात आणखी भात वाढून घेतला, आणि तो संपवला.